धाकटीचा फोटो काढून पाठवणे

दि. ४ जून

चि. थोरल्यास,
आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे जावईबापूंनी वाचून दाखवलं. कचेरीत साहेबापुढे फायली वाचायची सवय, त्यामुळे बैठकीच्या खोलीला रंग द्यायचाय ही बातमी आणि समोरच्यांचा कुत्रा मेला ही बातमी मला एकाच सुरात ऐकू आली. वाईट कशाचं वाटून घ्यायचं हे ठरवेपर्यंत पत्र संपलं होतं.

माझ्या डोळ्याचं काम नीट झालं. पट्टी सुटली, आता हिरवा चष्मा आहे. तो लावून मी खिडकीत बसले की बेडूक बसल्यासारखा दिसतो, असं तुझ्या बहिणीचं म्हणणं. पोटची लेक आहे, म्हणून सोडून दिलं. मोतीबिंदू गेल्यावर पहिल्यांदा आरशात बघितलं आणि वाटलं, होता तो पडदा काय वाईट होता? एवढ्या सुरकुत्या माझ्या पाठीमागे कुणी घातल्या? तू शिंपी आहेस, यावर इस्त्री चालते का ते कळव.

धाकटीचं मीटरवाल्याशी ठरलं, याचा मला आनंद आहे हे तुला वेगळं सांगायला नको. धाकटा आजारपणात गेला त्याला चौथं वर्ष लागलं. माझा मुलगा गेला म्हणून सुनेने जन्मभर भिंतीकडे बघत बसावं असं मला कधी वाटलं नाही. हो म्हण, हो म्हण, असा लकडा मीच तिच्यामागे लावला होता. माणूसही बरा वाटतो. घरोघरी पाण्याचे मीटर वाचत हिंडतो म्हणजे पायांत जोर असणार. चष्मा करायला तिच्या दुकानात आला आणि मग काच टोचते, दांडी सैल आहे, नंबर चुकला, अशी एकेक तक्रार घेऊन येतच राहिला. बिघाड चष्म्यात नव्हता, हे मला मोतीबिंदूतूनसुद्धा दिसत होतं.

तरी पण ती आणि भिंगरी घर सोडून जाणार असं मनात आलं की मी इथे बसून त्यांची रिकामी ताटं मोजते. सून गेली, नात गेली, मग ते घर कसं दिसेल ते डोळ्यांसमोर आणवत नाही. हे धाकटीला मुळीच कळू देऊ नकोस. जाताना तिचा पाय अडकायला नको.

रंग द्यायचा तर दे, पण भिंतीवरचे फोटो जपून काढ. तुझ्या वडिलांच्या फोटोची काच एकदा तडकली आहे, पुन्हा नको.

लोभ आहे तो वाढता ठेव. कमी पडला तर मी येऊन वसूल करीन.

तुझी आई
(अंगठा)

ता. क. कागद संपल्याने थोडक्यात: धाकटीचा फोटो काढून पाठवणे.


दि. १५ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे सर्व झालं. बैठकीची खोली रंगवून घेतली. थोरली म्हणते रंग लोण्याचा आहे, रंगारी म्हणतो हस्तिदंती, मला तो अस्तराच्या कापडाचा वाटतो. वडिलांचा फोटो, ताईच्या लग्नातला, भिंगरीचा शाळेतला, सगळे होते तिथे परत लावले. काचा शाबूत आहेत.

धाकटा-धाकटीचा लग्नातला फोटो तू सांगितल्याप्रमाणे काढला. ती ओळ वाचून मी जरा थांबलो होतो. थोरली म्हणालीसुद्धा की आईंना एकदा विचारून घ्या. पण मी म्हटलं, आईने स्पष्ट लिहिलंय. दोघी गेल्यावर घर कसं दिसेल ते डोळ्यांसमोर आणवत नाही असंही वर लिहिलंय. परत आल्यावर तो फोटो समोर नको वाटत असेल तर तो काढलेलाच बरा. मी शिंपी माणूस. गिऱ्हाइकाने माप दिलं की त्याबाहेर एक टाका घालत नाही. खिळा उपटला, भोकात लांबीचा लगदा भरला, वरून ब्रशचा हात मारला. आता तिथे काही होतं हे कुणाला सांगून पटणार नाही. फोटो चादरीत गुंडाळून, भोवती चिंध्या भरून पार्सलने पाठवला आहे.

संध्याकाळी धाकटी दुकानातून आली. चप्पल पायातच होती, तिने भिंतीकडे बघितलं आणि कुणी सांगितलं एवढंच विचारलं. मी खोटं कसं बोलणार? आईचं पत्र आलंय म्हटलं. तिने पत्र मागितलं. मी तिला शेवटची ओळ तेवढी दाखवली. वरचा मजकूर हाताने झाकला, कारण तो तिला कळू द्यायचा नाही असं तूच बजावलं होतंस. तिने ओळ वाचली, बरं म्हणाली आणि आत गेली. भिंगरीने मात्र बाबा कुठे ठेवला म्हणून विचारलं, तेव्हा थोरली पानावरून उठून गेली.

माझ्याकडून आज्ञा पाळण्यात काही कमी राहिलं असेल तर कळव. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा आज्ञाधारक
थोरला


दि. १९ जून

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत, बरं वाटतं म्हणून मध्येच सोडू नयेत. हिरव्या चष्म्याची दांडी कानामागे टोचत असेल तर इकडे आल्यावर दुकानात कुणीही वाकवून नीट बसवून देईल.

कळवायचं म्हणजे, भिंगरी आणि मी दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आलो आहोत. मालकीणबाईंनी लग्नाची नोंदणी होईपर्यंत वापरायला दिली आहे. भांडण वगैरे काही झालं नाही. भाऊजींनी आणि जाऊबाईंनी राहा म्हणून फार सांगितलं. पण त्या खोलीत चहाचा कप घेऊन बसणं मला जमेना. किल्ल्या जाऊबाईंकडे दिल्या आहेत.

भिंत आपली आहे. तिच्यावर कोण असावं हे आपणच ठरवायचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हो म्हण म्हणून आपण मागे लागलात, ती माया आहे असं मी समजत होते. जागा रिकामी करून हवी होती हे तेव्हाच सांगितलं असतंत तरी मी ऐकलं असतं.

एक विनंती आहे. त्या फोटोतली मी आपल्याला नको असले तरी शेजारी भिंगरीचे वडीलही उभे आहेत. टाकून देण्याआधी तो तिच्याकडे पाठवावा.

नोंदणी अगदी साधी आहे, चार माणसांत उरकेल. डोळ्याच्या या अवस्थेत प्रवासाची तसदी घेऊ नये.

आपली (हा शब्द लिहावा की नाही कळत नाही, सवयीने लिहिला)
धाकटी


दि. २४ जून

चि. सौ. कां. धाकटीस,
आईचे आशीर्वाद, आणि ते नको असले तरी घ्यावे लागतील. वि. वि.

वरचा मायना बघून चमकलीस ना? जावईबापू सवयीने गं. भा. लिहायला निघाले होते. मी म्हटलं, खोडा ते. लग्न ठरलेल्या मुलीला जे लिहितात ते लिहा. ते म्हणाले, तसा प्रघात नाही. मी म्हटलं, प्रघात कचेरीत ठेवून या, हे माझं पत्र आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुठल्या सासूबाईंचं पत्र चुकून आपल्या दारात पडलं. दुसऱ्यांदा मध्येच जावईबापूंचा सूर अडखळला. ज्या माणसाने कुत्र्याच्या मरणालाही सूर बदलला नाही तो अडखळला, म्हणजे पत्र माझंच होतं.

पार्सल त्याआधीच आलं होतं. चादर सोडली तर आत तुम्ही दोघं. मला वाटलं, बघा आमच्या थोरल्याचा आळस. धाकटीचा नवा फोटो काढायला सांगितला तर जुनाच उचलून पाठवला. तरी मी खूश झाले. तुम्हाला कपाटावर मांडलं, रोज सकाळी तुमची काच पुसली. आणि इकडे तू खोली बदललीस!

अगं, मी तुझा फोटो काढायला सांगितला होता. कॅमेऱ्याने! खिळ्यावरून नव्हे! हा काढणे शब्द फार घातकी आहे. कुणी दात काढले म्हटलं की तो हसला की दवाखान्यात जाऊन आला, हे पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही. पोराने नाव काढलं म्हणजे काही पाटीवरून पुसलं नाही. आणि मी तुझी आठवण काढते म्हणजे काय ती उपटून फेकते? काढली की ती येऊन मांडीवर बसते. एवढं सगळं एका शब्दात कोंबलं, आणि तो शब्द नेमका माझ्या घरात फुटला.

आता तुझा फोटो कशाला हवा होता ते सांगते. मला अक्षर आलं नाही. तुझं पत्र येतं तेव्हा शब्द तुझे असतात, आवाज जावईबापूंचा. त्यात तू दर वेळी लिहिणार, आम्ही सर्व मजेत. आता त्यांच्या तोंडून मजेत ऐकलं की मला सरकारी परिपत्रक ऐकल्यासारखं वाटतं. फोटोला मध्ये कुणी लागत नाही. तो मी स्वतः हातात घेते, उजेडाकडे धरते आणि वाचते. तू मीटरवाल्याला मनापासून हो म्हणालीस, की म्हातारीने कान खाल्ले म्हणून एकदाची मान हलवलीस, हे मला तुझ्या तोंडाकडे बघून ठरवायचं होतं. सगळं ठरून गेल्यावर मला ही धास्ती बसली. डोळा नवा मिळालाय तर पहिलं वाचन हे करावं म्हटलं.

फोटो अजून हवा आहे. राग वापरून झाला की पाठव.

तुझा लोभ सध्या रजेवर गेला आहे हे मला कळतं. रजा संपली की त्याला थेट माझ्याकडे धाड.

तुझी आई
(अंगठा)

लेखनिक जावई यांचं निवेदन: त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलेला मजकूर असा होता की, थोरल्याने धाकटीला एखाद्या चांगल्या फोटोवाल्याकडे न्यावं, अवघडून बसू नको, घरच्यासारखी मोकळी बस असं तिला सांगावं, आणि तो फोटो पाठवावा, कारण मला तिचा चेहरा बघायचा आहे. कागदावर दोन बोटं जागा उरली होती. कार्यालयीन सवयीने मी आशय कायम ठेवून मजकूर आखडला. आशय कायम राहिला नाही, याबद्दल दिलगीर आहे.


दि. १ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची जाड घडी मीच हातोहात धाकटीकडे नेऊन दिली. तुझं जुनं पत्रही नेलं आणि या वेळी वर हात ठेवला नाही. रिकामी ताटं मोजते ती ओळ तिने बोट ठेवून वाचली. थोरलीला आणि मला तिने ट्रेमधून पाणी दिलं, ट्रेमधून, आई. आपल्या घरात मी तिच्या हातातला पेला ओढून प्यायचो!

मी खिशात खिळा आणि हातोडी घेऊनच गेलो होतो. म्हटलं, आत्ता चल, लांबी कोरून काढतो, फोटो आला की तुझ्या समोर ठोकतो. ती राहू द्या म्हणाली. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला ओळखीचं वाटलं असतं.

भिंगरी मजेत आहे. खालच्या दुकानात जाऊन सगळे चष्मे घालून बघते.

जावईबापूंना नमस्कार. त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी कागद जास्त घ्या, खर्च मी पाठवतो.

तुझ्या आज्ञेत, पण आता आधी विचारून घेणारा
थोरला


दि. ३ जुलै

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं वाचली. जावईबापूंचं निवेदनही वाचलं. त्यांना सांगा की चष्म्याच्या दुकानातही असंच होतं, नंबरातलं एक टिंब हललं तर माणूस भिंतीवर आदळतो. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. तुम्हाला सासूबाई म्हटलं ते मागे घेते.

पण आई, तुम्हाला खरं सांगायचं तर फोटो परत लावा असं मला म्हणवत नाही. त्या दिवशी भिंत बघितली आणि मला अगदी आधी काय वाटलं असेल? हायसं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. आणि मग त्या वाटण्याचा इतका संताप आला की तो कुणावर तरी टाकायलाच हवा होता. तुमची ओळ हाताशी होती.

मीटरवाल्यांना हो म्हटल्यापासून मी त्या खोलीत मान खाली घालूनच वावरत होते. दार उघडलं की समोर हे. दिवा लावायला गेले की हे. मी काही वाईट करत नव्हते, तरी त्यांच्यासमोरून केसांत फूल माळून जाताना माझा हात वर जायचा आणि फूल परत खाली यायचं. भाऊजींनी चुकून केलं ते मला स्वतःला कधी करता आलं नसतं. म्हणून विचारते, चुकून झालं ते बरंच झालं का? आणि असं वाटणारी बायको कसली?

हे वाचताना जावईबापूंनी सूर बदलला तरी चालेल.

मायेत काही कमी केलं नाहीत, हे कळलं. माझ्याकडूनही कमी धरू नका.

तुमची
धाकटी


दि. ८ जुलै

चि. सौ. कां. धाकटीस,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

जावईबापूंनी सूर बदलला. इतका बदलला की तुझ्या नणंदेने येऊन कागद त्यांच्या हातातून घेतला आणि पुढचं तिने वाचलं. तिला मध्ये मध्ये नाक पुसायचं होतं, तेव्हा परत त्यांनी. असं तुझं पत्र आमच्याकडे दोन तोंडांनी वाचलं गेलं.

हायसं वाटलं त्यात लाज कसली? आपण माणसाचा फोटो लावतो तो आपण त्याला बघावं म्हणून. पण एकदा तो भिंतीवर चढला की तोच आपल्याला बघायला लागतो. तुझ्या सासऱ्यांचा लावला तेव्हा कितीतरी दिवस मी त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नव्हते. मग एकदा कंबर इतकी धरली की पसरले. त्यांनी काही म्हटलं नाही. जिवंतपणी म्हटलं असतं.

आणि तो लग्नातला फोटो मी आता रोज जवळून बघते आहे, म्हणून सांगते. त्यात माझा मुलगा नाहीच. थोरल्याने घाईघाईत शिवलेल्या कोटाच्या कॉलरमध्ये एक टाचणी राहिली होती, आठवतं? मान हलवली की टोचायची. त्यामुळे फोटोत जो उभा आहे तो टाचणीला घाबरलेला कुणी भला गृहस्थ आहे. त्याच्यासमोर तू मान कशाला खाली घालावीस?

खरा धाकटा बघायचा तर त्याने काढलेले फोटो बघ. तुझ्या नणंदेकडे खोकाभर आहेत, काल सगळे गादीवर पसरले. विजेची कामं करून यायचा आणि हात न धुता कॅमेरा धरायचा, म्हणून कडांना सगळीकडे त्याच्या बोटांचे डाग. तो एकाही फोटोत नाही. पण मी बघते आहे, तू बघते आहेस, थोरला चिडून बघतो आहे, भिंगरी पाळण्यातून बघते आहे, आणि सगळ्यांचं बघणं त्याच्यावर आहे. मला आधी वाटायचं, लोक चेहरा टिकावा म्हणून फोटो काढतात. काल वाटलं, बघणाऱ्याकडे आपण कसं बघत होतो ते टिकावं म्हणून काढत असतील. चेहरा काय, तो सुरकुततोच.

फोटोचं मी ठरवलं. परत लावायचा नाही. टाकायचा तर नाहीच. तो माझ्याकडे राहील. तुला आत्ता बघवत नाही तर मी बघते. भिंगरीला वडील हवे झाले की तिला दाखवते, आणि कोट कुणी शिवला तेही सांगते. पुढे कधी तुलाच त्याच्या डोळ्याला डोळा द्यावासा वाटला तर येऊन ने. घाई नाही. मी आहे, आणि मी नसले तर तुझी नणंद आहे, आणि ती काही देऊन टाकणारी बाई नव्हे.

एवढं झालं, पण माझं काम राहिलंच. तुझी दोन पत्रं खरी आली, तरी हो म्हणालीस ते कुणासाठी, हे एकातही नाही. फोटो पाठव.

जीव लावलेला आहे, तो तसाच लावून ठेव.

तुझी आई
(अंगठा)


दि. १८ जुलै

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

सोबत दोन फोटो आहेत. एक चांगला आणि एक बिघडलेला.

आम्ही तिघं फोटोवाल्याकडे गेलो. त्याने मला स्टुलावर बसवलं, मागे बागेचा पडदा सोडला, हनुवटी दोन बोटांनी वर केली, खांदा खाली दाबला. तो चांगला फोटो त्याचा. तुमच्यासाठी तोच.

बिघडलेला कसा झाला ते सांगते. पुढचा घेणार तेवढ्यात मीटरवाल्यांना वाटलं की दिव्याची तार कुठून आली आहे ते बघावं. त्यांना कुठलीही नळी किंवा तार दिसली की तिचं दुसरं टोक शोधल्याशिवाय चैन पडत नाही. वाकले आणि कोपराने दिव्याचा खांब ढकलला. दिवा भिंगरीच्या बाजूला कलला. मी अर्धी उठले, काय ओरडले ते इथे लिहीत नाही, आणि त्याच वेळी फोटोवाल्याचं बोट दाबलं गेलं. दिवा त्यांनी वरच्या वर झेलला, भिंगरीला काही झालं नाही, ती तर अजून हसते आहे. फोटोवाला म्हणाला याचे पैसे नकोत, हा फेकायचाच. मीही म्हटलं फेका. पण हे ऐकेनात. पाकिटात घातल्याशिवाय पाकीट बंद करू देईनात. म्हणाले, आईंनी चेहरा मागितलाय, पहिल्या फोटोत तो फोटोवाल्याने बसवलेला आहे. माझं म्हणणं, तुम्ही बघून फाडून टाका.

रविवारी मी आणि भिंगरी घरी गेलो होतो. जाऊबाईंनी पाणी दिलं ते ट्रे न घेता.

आशीर्वाद असू द्या आणि थेंब घालत राहा.

तुमची
धाकटी


दि. २३ जुलै

चि. सौ. कां. धाकटीस,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

चांगला फोटो बघितला. फार चांगला आहे. नोकरीच्या अर्जाला लावायला उपयोगी पडेल, म्हणून तो मी जावईबापूंना फाईल करायला दिला.

बिघडलेला घेऊन मी खिडकीत गेले. हिरवा चष्मा काढला, डॉक्टरीणबाई काय म्हणायचं ते म्हणोत. हात हलल्यामुळे धुरकटलेला, भुवया कपाळात, तोंड उघडं, पदर एकीकडे आणि तू एकीकडे. कडेला एक कोपर आहे, ते मीटरवाल्याचं असणार. मी तो फोटो कितीतरी वेळ वाचत बसले. तुझ्या नणंदेला वाटलं मला चक्कर आली.

अगं, हा चेहरा मी धाकटा गेल्यापासून बघितलाच नव्हता! तो फोटोसाठी गच्चीच्या कठड्यावर चढायचा तेव्हा तू खालून अशी ओरडायचीस, की चौथ्या घरातल्या माणसाने खिडकी उघडावी. तो गेला आणि तू एकदम गोड झालीस. आंघोळीचं पाणी गार मिळालं, चालेल. दुकानातून दमून आलीस आणि घरात दूध संपलेलं, चालेल. थोरल्याने तुझ्या ब्लाऊजचा गळा बिघडवला, तरी चालेल. लोक म्हणायचे, नशीब काढलंत, किती गुणाची सून. मला भीती वाटायची. असं सगळं चालेल पाहुणे म्हणतात, घरातलं माणूस म्हणत नाही. आणि मी लग्नाचं विचारलं तेव्हाही तू हो म्हणालीस, पण ते हो मला चालेल सारखंच ऐकू आलं. म्हणून तर झोप उडाली होती माझी.

या फोटोत तू एका माणसाला चालणार नाही असं म्हणते आहेस. जावईबापू म्हणतात, फोटोत आवाज ऐकू येत नाही. त्यांना म्हटलं, तुम्हाला अक्षरं येतात, तुम्हाला नाही यायचा. ज्या माणसावर तुला असं ओरडता येतं, त्याला तू चालेल म्हणून हो म्हटलेलं नाहीस. माझं वाचन झालं. आता खुशाल जा.

त्या मीटरवाल्यालाही सांग, मी त्याचं कोपर बघितलं आहे. माणूस वेंधळा आहे, पण कुठला फोटो पाठवायचा ते त्याला कळतं.

नोंदणीला मी येणार आहे. जावईबापूंनी तिकिटं आणली. तसदी घेऊ नये असं तू लिहिलं होतंस, ते मी ऐकणार नाही. तुला चालणार नसेल तर तिथे सगळ्यांदेखत माझ्यावर ओरड. पुढच्या ओळीत बसणार आहे मी, डोळा नवा आहे, जवळून बघायचंय.

लोभ किती करायचा ते तू ठरव. मी मात्र आता हात आखडता घेणार नाही.

तुझी आई
(अंगठा)